वाळूतली विहीर

फौजेत बावीस वर्षं काढली. शेवटचं पोस्टिंग पूर्व सीमेवर, इंजिनिअर्सची फील्ड कंपनी, हुद्दा हवालदार. पेन्शन घेऊन घरी आलो आणि दोन वर्षांत गावानेच माझं पुढचं पोस्टिंग काढलं. सरपंच. मिरजगावपासून सात किलोमीटर आत आमचं गाव. निवडणुकीत मी भाषण केलं नाही. पारावर उभा राहून एवढंच म्हणालो, "मी पाचला उठतो. काम असेल त्याने सातला यावं." लोक हसले आणि मतं देऊन मोकळे झाले.

फौजी गावात आला तरी त्याचं घड्याळ आणि आवाज सुटत नाही. मी ऑफिसात शिरलो की ग्रामपंचायतीचा शिपाई दारातल्या चपला ओळीत लावायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझ्यामागून चार वर्षांनी अशोक भरती झाला. आमच्याच गावचा, नशिबाने माझ्याच कंपनीत आला. नाईक होऊन सुटला आणि गावात त्याने यारी घेतली. यारी म्हणजे विहिरीतला गाळ-दगड वर ओढणारी क्रेन. माणूस कमी बोलायचा, काम चोख करायचा. मला गावातही 'उस्ताद'च म्हणायचा. त्याची बायको सुनंदा अंगणवाडीत मदतनीस.

कोकणात चक्रीवादळ येऊन गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मला फोन आला. किनाऱ्यावरच्या एका गावच्या सरपंच, वनिताताई. सरपंचांच्या ट्रेनिंगला आमची ओळख झाली होती.

"आमच्या कोळीवाड्याला गोड्या पाण्याची एकच विहीर. तिच्यात समुद्र शिरलाय," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर झाडं आडवी पडलीत, टँकर येत नाय. साठ घरं आहेत. तुमच्याकडं विहिरीची माणसं असतील तर बघा."

"ताई, आमचं गाव विहिरीवरच जगतं. उद्या निघतो," मी म्हणालो.

टेम्पो एक, यारी एक, डिझेल इंजिनं दोन, पाइप, दोर, माणसं अकरा. पहाटे चारला निघालो. शेवटचे चार किलोमीटर झाडं तोडत गेलो आणि संध्याकाळी पाचला पोचलो. घरांवर कौलं नव्हती. माडाची झाडं मुळासकट रस्त्यात पडलेली. बायका तीन किलोमीटरवरून हंडे आणत होत्या. दुसरा दिवस आम्ही रस्ता मोकळा करण्यात आणि शाळेवर पत्रे चढवण्यात घालवला. लोक हात जोडत होते. मी छाती काढून फिरत होतो. बऱ्याच वर्षांनी अंगावर वर्दी असल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी विहीर. बावीस फूट खोल, गोल, तांबड्या चिऱ्यांची, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली. पाणी खारट. वर पाला, मेलेलं कुत्रं, खाली गाळ. मी वाकून बघितलं आणि हसलो. आमच्याकडं साठ-साठ फुटांच्या विहिरी. आधी मुरूम, मग काळा दगड. इंजिन लावायचं, तळापर्यंत उपसायची, माणसं उतरवायची, गाळ ओढायचा. उन्हाळ्यात तर आमच्या विहिरी आपोआपच कोरड्या पडतात आणि पुढच्या पावसापर्यंत तशाच उभ्या असतात. रिकामी विहीर ढासळते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

वनिताताई जवळ आल्या. "सरपंच, पार तळाला नेऊ नका. आमच्याकडं अर्धं पाणी ठेवून उपसतात. मग दोन दिवस थांबायचं, परत थोडं उपसायचं. खाली सगळी वाळू आहे."

"अशाने किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

"तोवर साठ घरांनी काय प्यायचं?"

"आणतोय की लांबून."

"ताई, मी बावीस वर्षं इंजिनिअर्समध्ये होतो," मी म्हणालो. "बाराला तुम्हाला विहीर साफ करून देतो."

आजूबाजूला हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. एकीने विचारलं, "बाराला खरंच?" मी घड्याळ दाखवलं. वनिताताई पुढं काही बोलल्या नाहीत. एवढ्या लोकांसमोर मी त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती.

सात दहाला माणसं ओळीत फॉल-इन केली आणि काम वाटून दिलं. अशोक आणि गोरख खाली उतरणार. गोरख अशोकच्या यारीवरचा गडी. बाकीचे इंजिनावर आणि दोरावर. फौजेत हुकूम दिल्यावर शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो, तो मी विचारला.

"कोई शक?"

कोणी बोललं नाही. अशोक विहिरीकडं बघत होता. त्याच्या तोंडावर काहीतरी होतं. मला ते दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. मी म्हणालो, "चला."

साडेसातला इंजिनं सुरू केली. सव्वादहाला तळ दिसला. दहा पंचवीसला दोघं खाली गेले.

मी काठावरून विचारलं, "अशोक, खाली काय?"

"वाळू येतीया, उस्ताद."

"कुठून?"

"चिऱ्यांच्या सांध्यातनं. पायाकडनं."

"दुसऱ्या इंजिनाची रेस वाढवतो."

खालून लगेच उत्तर आलं नाही. मग म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."

मी रेस वाढवली. जेवढं पाणी ओढत होतो तेवढी बाहेरची वाळू आत घुसत होती. ओढायचं थांबवलं असतं, पाणी परत चढू दिलं असतं, तर भिंत बहुतेक टिकली असती. हे मला नंतर तिथल्या मच्छीमारांनी सांगितलं. ते शाळेत न गेलेल्या पोरालाही तिथं माहीत असतं.

दहा पन्नासला अशोक ओरडला, "गोरख, वर जा! बस बकेटात!"

गोरख म्हणाला, "आन तुमी?"

"बस म्हनतो ना!"

यारीने गोरखला उचललं. तो काठाला लागतो न लागतो तोच पश्चिमेची बाजू पोटासारखी फुगली आणि खाली बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. धान्याच्या पोत्यांची थप्पी घसरावी तसा झाला.

आम्ही हातांनी चिरे काढले. कोळीवाडा सगळा धावून आला. वनिताताई पदर खोचून ओळीत उभ्या राहून चिरे पुढं देत होत्या. अशोकला बाहेर काढलं तेव्हा तीन वीस झाले होते. मी त्याच्या छातीवर दाब देत राहिलो. शेवटी एका म्हाताऱ्या मच्छीमाराने माझे हात धरून बाजूला केले.

पोलीस आले. हवालदाराने वही उघडून विचारलं, "यांना खाली कोणी पाठवलं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण मला वाचवायला बोलून गेला, "ते सोताच उतरले, साहेब. पाइपाच्या बुडाचा फूटव्हॉल अडकला हुता."

हवालदाराने माझ्याकडं बघितलं. वनिताताईंनीही बघितलं. मी म्हणालो, "हो."

एवढाच शब्द. सीमेवर गोळ्या चालल्या तेव्हा पाय डगमगले नव्हते. तिथं एका वहीपुढं डगमगले.

निघताना ताई टेम्पोपाशी आल्या. मी खाली मान घालून बसलो होतो. "तुम्ही आमच्यासाठी आला होतात," त्या म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावात विहारासमोर अशोकला निरोप दिला. तालुक्यातले माजी सैनिक आले, सलामी झाली. महिनाभराने एका कार्यक्रमात पुढाऱ्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. कोकणाला मदत केलेला सरपंच म्हणून. मी ती घेतली. घरी येऊन पेटीच्या तळाशी कोंबली आणि बायकोला म्हणालो, "परत दिसता कामा नये."

त्याहून वाईट पुढं होतं. लोक बोलायला लागले. मिरजगावच्या हॉटेलात माझ्यासमोर एक जण म्हणाला, "अशोक बी लई घाईचा. फौजी मानूस, एवढं कळू नये व्हय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा प्यालो. थुत् माझ्या जिनगानीवर, पण मी तो चहा पुरता प्यालो.

पाच महिन्यांनी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आला. वेशीवर अशोकच्या नावाची कमान बांधायची, आणि खाली लिहायचं, 'सरपंचांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य करताना वीरमरण'. तो कागद वाचला आणि मला जेवण जाईना. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी सुनंदाच्या दारात गेलो. ती ओट्यावर तूर निवडत होती.

"या, भावजी. बसा."

मी बसलो नाही. उभ्याउभ्या रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. ताई नको म्हणाल्या ते, हुकूम माझा होता ते, रेस वाढवली ते, पोलिसांपुढं 'हो' म्हणालो ते. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिचे हात सुपात चालूच होते.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं काय, वहिनी?"

"त्या दिशी सकाळी त्यांचा फोन आल्ता. म्हनले, इहीर वाळूतली हाय, पाक उपसली तर बसंल. मी म्हनलं, मंग भावजींना सांगा की. तर हसले. म्हनले, उस्तादला शक चालत न्हाई."



"मग तुम्ही एवढे दिवस गप्प का राहिलात?"

"मी बोलले असते तर लोक म्हनले असते, बाई दुःखानं बोलतीया. तुमी सांगायचं हुतं." आता तिचे हात थांबले. "पाच म्हैने वाट बघितली. लोकं माझ्या मानसाला घाईचा म्हनत्यात, आन तुमी तिथंच बसून चहा पेता. माझ्या कानावर येत न्हाई व्हय?"

 

'उस्तादला शक चालत न्हाई' हे अशोक उगाच म्हणाला नव्हता. त्याला युनिटमध्ये येऊन सहा महिने झाले होते. आम्ही नाल्यावर बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी पॅनेलं पिनांनी जोडून उभारायचा पूल, टाकत होतो. मी विचारलं, "कोई शक?" आणि मागच्या ओळीतून एक हात वर आला. "उस्ताद, शक हाय. तिसऱ्या पॅनेलच्या पिनेला क्लिप न्हाई." साहेब शेजारी उभे होते. काल आलेला पोरगा साहेबांसमोर माझं काम तपासतो, याचा मला राग आला. मी त्याला पाठीवर सामानाने भरलेला पिठ्ठू देऊन मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. तो पळत होता तेव्हा मी जाऊन तिसरं पॅनेल बघितलं. क्लिप नव्हती. मी ती गुपचूप लावली आणि कोणाला सांगितलं नाही. अशोकलाही नाही. त्यानंतर आम्ही किती वर्षं एकत्र काढली, त्याने माझ्यापुढं हात वर केला नाही. मी म्हणायचो, असा शिस्तीचा जवान दुसरा नाही.

ग्रामसभा अकराला होती. समाजमंदिर भरलेलं. कमानीचा विषय आला तेव्हा मी उठलो आणि आदल्या दिवशी ओट्यापाशी सांगितलं ते सगळं परत सांगितलं. ब्रिजचंही सांगितलं. मागून एक जण ओरडला, "सरपंच, झालं ते झालं, कशाला उकरता?" दुसरा म्हणाला, "केस हुईल ओ तुमच्यावर."

"व्हायलाच पाहिजे," मी म्हणालो. "इथून उठलो की तिथल्या ठाण्यात जबाब द्यायला निघतोय. त्याच्या आधी गावच्या दप्तरात खरं जाऊ द्या."

ग्रामसेवकाने पेन उघडलं. "नक्की काय लिहू?"

"लिहा. नाईक अशोक, निवृत्त, इंजिनिअर्स. ते स्वतःहून विहिरीत उतरले नाहीत. सरपंचाच्या हुकमावरून उतरले. विहीर धोक्याची आहे हे त्यांना आधी कळलं होतं. सरपंचाला कळलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं त्याने ऐकलं नाही. कमानीवर सरपंचाचं नाव नको."

 सुनंदा बायकांत बसली होती. ती उठली.

"भावजी, एक ऱ्हायलं."

"सांगा, वहिनी."

"भिताड बसतंय हे त्यांना दिसलं, तवा त्यांनी आधी गोरखला वर धाडलं. सोता मागं ऱ्हायले. ते लिवा."

मी दाराकडं बघितलं. गोरख उंबऱ्याबाहेर उभा होता. अशोक गेल्यापासून तो सभेच्या आत आला नव्हता. त्याने टोपी काढली, आत आला आणि ग्रामसेवकाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "लिवा. मी जित्ता हाय तो त्यांच्यामुळं."