एक्केचाळीस सेंटीमीटरची सीट: पेण, रोहा आणि मी मावेन अशी कयाक

अर्जातला वजनाचा रकाना मी रिकामा सोडला होता. धरमतर खाडीत चार तासांची कयाक सफर होती आणि नाव नोंदवायला तेवढा एकच अर्ज भरायचा होता. दुसऱ्या दिवशी आयोजकाचा फोन आला. "काळजी करू नकोस, तुला डबल कयाकमध्ये पुढे बसवतो. मागे मी आहेच." जड माणूस पुढे बसवला की बोटीचं नाक दबतं, हे त्याला सांगायला हवं होतं. मी "सोमवारी कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला.

मी पनवेलला राहते आणि वजनकाटे तपासून प्रमाणित करते. गेलं दीड वर्ष भाड्याच्या सिंगल कयाक वापरून पाहतेय. प्रत्येक वेळी चाळीस मिनिटांत पाय मुंग्या येऊन बधिर होतो. एकदा सरावात बोट उलटी केली तेव्हा कंबर सीटमध्ये अडकली आणि मी पाण्याखाली लटकून राहिले. किती सेकंद ते मोजलं नाही. मोजायला हवं होतं. म्हणून ठरवलं, या शनिवार-रविवारी मी मावेन अशी बोट मिळाली तर ठीक, नाहीतर हा नाद बंद. डबलमध्ये पुढे बसवून कोणी मला फिरवून आणणार नव्हतं.

रोह्याजवळच्या वरसे गावात एक जुनी समुद्री कयाक विकायला होती. लांबी पाच मीटर दहा, क्षमता १३५ किलो. विकणारे महेश साळुंके जवळच्या कंपनीत होते, बदली गुजरातला झाली होती. "पहिली शिफ्ट आहे मॅडम, तीननंतर या," ते फोनवर म्हणाले. "आणि रविवारी संध्याकाळी अलिबागचे एकजण येणार आहेत बघायला. तुमचं आधी ठरू दे."

शनिवार

तीनला पोचायचं होतं आणि मी साडेसातलाच निघाले. घरात थांबवत नव्हतं. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड आणि तिथून उजवीकडे रोहा. वडखळपर्यंत रस्ता चांगला, पुढे कामं चालू असतात, वेळ हातात ठेवा. नागोठण्यावरून रोह्याला थेट घाटरस्ता आहे, तो जवळचा. मी कोलाडवरून गेले ते नाश्त्यासाठी. हायवेच्या टपरीवर वडा-उसळ चाळीस रुपयांना मिळाली, उसळ झणझणीत. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, हात असलेल्या. मी उभ्यानेच खाल्लं.

वरशात साळुंक्यांच्या पडवीत कयाक उलटी ठेवली होती. पिवळी, तळाला ओरखडे, पण कुठे चीर नाही. त्यांची बायको सुलभावहिनी चहा घेऊन आल्या.

"बस गो. उभ्यानं काय च्या पितेस?"

"गाडीत बसूनच आलेय," मी म्हटलं आणि टेप काढली. कॉकपिट, म्हणजे आत बसायचं तोंड, ऐंशी सेंटीमीटर लांब. उत्तम. सीटच्या दोन कडांमधलं अंतर एक्केचाळीस. बसल्यावर माझ्या कमरेची रुंदी सत्तेचाळीस. माहितीपत्रकात सीटची रुंदी कधीच नसते, किलो असतात. बोट किती वजनाला बुडत नाही एवढंच त्यावरून कळतं. तुम्ही तिच्यात बसू शकाल की नाही, हे नाही.

तरी आम्ही बोट माझ्या गाडीच्या टपावर बांधली आणि रोह्याच्या खाली, जिथे कुंडलिकेला खाडीचं पाणी येतं, तिथल्या एका छोट्या जेट्टीवर गेलो. भरती तीन पन्नासची होती. माझ्याकडे घट्ट फोमचे तीन थर असतात, त्यातले दोन मी सीटखाली सरकवले. उंच बसलं की कडा कमी रुततात, ही माझी दीड वर्षाची युक्ती. बोट लगेच डोलायला लागली. पंचवीस मिनिटांत डावी मांडी बधिर झाली.

मग उलटं होऊन बाहेर पडायची चाचणी. ही टाळू नका आणि एकट्याने करू नका. साळुंके छातीभर पाण्यात उभे राहिले. मी श्वास घेतला आणि उलटले. कडांनी कंबर धरली. एक, दोन, तीन, चार. पाचला मी बोटीवर थाप मारली आणि त्यांनी मला बोटीसकट सरळ केलं. नाकात पाणी, डोळ्यांत मीठ. जेट्टीवर निवटे माशांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती, ती हातवारे करून ओरडत होती.

"अडलीय गो, अडलीय! अरे, ओढ ना तिला! बघत काय उभा ऱ्हायलास?"

"काकी, झालं, सुटली," साळुंके म्हणाले.

"सुटली कशी? तू सोडवलीस."

खरं होतं. मी बोट किनाऱ्याला लावली आणि ओल्या कपड्यांत गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले. साळुंक्यांच्या घरी परतल्यावर वहिनींनी विचारलं, "घट्ट होते ना? सीट काढता येत नाय काय?"

"येते. चार बोल्ट आहेत. पण मग कशावर बसू?"

"माझं माहेर पेणजवळ, जोह्याला. नंदू, माझा भाव, गणपती बनवतो. तुझ्या त्या फोमाला तो आकार देल. उद्या सकाळी जा, मी फोन करते."

मला ते पटलं नव्हतं. पण अलिबागचा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. चार बोल्ट काढून सीट गाडीत टाकली, बोट पडवीतच ठेवली आणि रोह्यात लॉजवर राहिले. खोली साधी, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. झोप तुकड्यातुकड्यांत लागली.

रविवार

सहाला निघून साडेसातला जोह्यात. पेणच्या अलीकडून-पलीकडून सगळ्या रस्त्यांवर गणपतीचे कारखाने लागतात, पण जोह्यात शिरल्यावर घर कुठलं आणि कारखाना कुठला हे सांगता येत नाही. ओसरीवर, माळ्यावर, भाताच्या खाचराच्या कडेला घातलेल्या मांडवात, सगळीकडे बिनरंगाच्या मूर्ती. एसटी त्यांच्यामधून वळते.

नंदूदादांनी माझ्या हातातली सीट उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ही कोणाच्या मापानं केली?"

"कोणाच्याच नाही. सरासरी."

"मग कोणालाच बसत नसंल." त्यांनी सीट बाजूला ठेवली. "पाय कसे असतात होडीत? मांडी घालून?"

"लांब सोडून. पावलं पुढे टेकवून."

त्यांनी फळीवर शाडूची जाड लादी थापली, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला आणि पुढे पावलांसाठी लाकडी ठोकळा खिळ्याने पक्का केला. "बसा. पंधरा मिनटं हलायचं नाय."

रंगकाम करणाऱ्या चार बायका हात थांबवून बघत होत्या. मी विचारलं, आत कुठे जागा आहे का.

"आतमध्ये पाच फुटी हायेत, तुला कुठं ठेवू?" त्यातली एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. "बस गो, आम्ही दिवसभर हेच बघतो. बैठक नीट तर सगळं नीट."

मी बसले. शाडू थंड होता आणि सावकाश खाली जात होता. नंदूदादा बोलत राहिले, बहुधा मी उठू नये म्हणून. नव्या कारागिराची चूक कुठली तर बैठक अरुंद ठेवतो, माल वाचवायला. मूर्ती कारखान्यात छान दिसते आणि ट्रकमध्ये कमरेत तडकते. "मग गिऱ्हाईक म्हणतो, पोट कमी करा. आम्ही पोटाला हात लावत नाय. पाट वाढवतो."

मला त्या वाक्यातून काही घ्यायचं नव्हतं. मी घड्याळ बघत होते.

उठल्यावर त्यांनी ठशात प्लॅस्टर ओतलं. तासाभराने साचा निघाला. दोन गोल उंचवटे, मागे कंबर, पुढे मांड्या. नंदूदादांनी त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि ती एका बाजूला कलली.

"ताई, तुम्ही डावीकडं बसता."

मी कॅलिपर काढला. डावा उंचवटा नऊ मिलिमीटर जास्त खोल गेला होता. पुन्हा मोजलं. नऊ.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा घोटा मोडला होता. तेव्हापासून त्या पायाने मी रेटत नाही, त्यामुळे भार डाव्या बैठकीवर येतो, आणि बधिर होतो तोही डावाच पाय. दर वेळी डावाच. रोज लोकांच्या काट्यांतली चूक शोधणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं, कारण मी फक्त रुंदी मोजत होते. दोष तिथेच असणार, हे मी आधीच धरून चालले होते.

फोमचे थर चिकटवून साच्याबरहुकूम कोरायला दोन तास लागले. मोठं काम त्यांनी पात्याने केलं, शेवटचं मी कानशीने. दादांनी पैसे घेतले नाहीत. "होडी डुबली तर माझं नाव नका सांगू," एवढंच म्हणाले. बायकांनी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. ती मी ओसरीवर बसून खाल्ली.

भरती चार पस्तीसला. चारला मी बोट आणि साळुंक्यांना घेऊन जेट्टीवर होते. जुनी सीट गेली होती आणि फोम थेट बोटीच्या तळावर बसवला होता, दोन्ही बाजूंना जागा उरली. डाव्या पायाचा टेकू एक भोक जवळ घेतला. मी खाली बसले होते, म्हणून बोट डोलली नाही. आधी उलटी चाचणी, मनात येरझाऱ्या सुरू व्हायच्या आत.

एक, दोन. डोकं पाण्याबाहेर.

म्हातारी आजही तिथेच होती. "आज लवकर सुटली गो!" ती ओरडली. "आणि कोणी ओढली पण नाय!"

मग मी वल्हवत राहिले. पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं. पंचेचाळिसाव्याला पावलाची बोटं हलवून पाहिली. हलली. कांदळवनाच्या कडेकडेने गेले, ओहोटीचं पाणी ओढायला लागलं तशी परत फिरले. एक तास दहा मिनिटं. मी "घेते" म्हटलं आणि साळुंक्यांनी अलिबागच्या माणसाला फोन केला. त्यांना फोनवर "गेली हो" म्हणताना ऐकलं, तेव्हा कुठे मी दोरखंड बांधायला घेतले.

घरी

अकराच्या आत पनवेल. बोट सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगली आहे, सचिवांची चिठ्ठी अजून यायची आहे. साचा बाल्कनीत आहे. आईने विचारलं, यात कुंडी ठेवू का. नको म्हटलं.

तुम्ही अशी बोट शोधत असाल तर बसून मोजा, उभ्याने नाही. सीटच्या कडांमधलं अंतर विकणाऱ्याकडून मोजून घ्या. सीट निघते का विचारा. आणि एखादा पायच बधिर होत असेल तर तो कुठला, ते लिहून ठेवा. मी ठेवलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. चार तास अजून बसून पाहिलेले नाहीत. तिसऱ्या तासाला काय होईल, मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी अर्ज पुन्हा उघडला. वजन: ११४. बोट: सिंगल, स्वतःची. आयोजकाचा लगेच मेसेज आला, "नक्की ना?" मी त्याला बोटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, डबलमध्ये जड माणूस पुढे बसवू नकोस, नाक दबतं.