पैसे घेणाऱ्याचं नाव

मी काही उठसूट आभार मानणारी बाई नाही. आमचे हे म्हणतात, "हिच्या तोंडून 'थँक्यू' ऐकायचं तर आधी हिच्यावर मोठं संकट यायला हवं." म्हणू देत. पण इथे बडोद्यात फतेगंजातल्या वसतिगृहात राहणारी एक मुलगी आणि तिचे वडील, या दोघांना मी अजून मनातल्या मनात हात जोडते. समोर जोडता येत नाहीत, कारण यातलं निम्मं त्या मुलीला माहीतच नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर लिहायची हिंमत करतेय.

आधी माझं काम सांगते. पैसे दिले की वस्तू खाली पडते, ती मशीनं तुम्ही पाहिली असतील. हल्ली त्यात नाणी टाकत नाहीत. पडद्यावरचा कोड फोननं स्कॅन करायचा, पैसे गेले की आतली मोटर फिरते. पैसे जाणं आणि मोटर फिरणं यांच्या मध्ये जे सॉफ्टवेअर असतं, ते एकेका मशीनला लावून द्यायचं हे माझं काम. कुठल्या खणात काय, भाव काय, मोटर फिरलीच नाही तर पैसे परत कसे जाणार, सगळं बसून भरायचं. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले. मकरपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वयानं मीच मोठी, शेठसुद्धा माझ्याहून लहान. तरसालीहून स्कूटरवर निघाले की दहा मिनिटांत पोचते, आणि पोचल्यापासून कुणावर तरी ओरडत असते.

वसतिगृहातलं मशीन सॅनिटरी पॅडचं होतं. जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी. मीच लावलं, मीच तपासलं. पंधरा दिवसांनी शेठ त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "बेन, एक पण पाकीट नाही गेलं! एवढ्या मुली राहतात ने तिथे? रेक्टरबाई म्हणतात, परत घेऊन जा."

माझं डोकंच फिरलं. तडक गेले. नेटवर्क ठीक, मोटर ठीक. स्वतःच्या फोनवरून पैसे दिले, पाकीट धप्पकन पडलं, आणि लगेच मशीनच्या स्पीकरनं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात पैसे मिळाल्याचं जाहीर केलं. अगं बाई! आधी रेल्वे स्टेशनवरच्या मशीनचं काम केलं होतं, तिथला आवाज मी इथे जसाच्या तसा ठेवला होता. कपाळावर हात मारला, आवाज बंद केला आणि मोठा गड जिंकल्यासारखी घरी आले. पुढचा आठवडाही गेला. पाकीट एकही नाही.

दुसऱ्या खेपेला मी रागातच होते. मशीन उघडून स्टुलावर बसले होते, तेवढ्यात एक मुलगी आली. सडपातळ, ओल्या केसांची, पहिल्या वर्षाला असावी. मी दार लावून बाजूला झाले. तिनं कोड स्कॅन केला, फोनकडे पाहिलं आणि पाठ फिरवून चालायला लागली.

"ए, थांब! पैसे जात नाहीत का?"

ती दचकली. "नाही मासी, असंच." ती तिच्या गुजरातीत, मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत. इथे मराठीत लिहिते.

"असंच म्हणजे काय? दाखव बघू फोन."

फोनवर रक्कम होती, आणि रकमेच्या वर ठळक अक्षरांत पैसे घेणाऱ्याचं नाव: सॅनिटरी पॅड मशीन. पुढे वसतिगृहाचं नाव. मीच भरलेलं. कुठल्या मशीनमधून काय खपलं ते शेठना एका नजरेत कळावं म्हणून.

"बरोबर तर आहे सगळं," मी म्हणाले.

"मासी, हे पप्पांच्या फोनवर जातं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खातं वडिलांचं. तिनं इथे चहा जरी घेतला तरी कुणाला किती दिले त्याचा मेसेज तिकडे वडिलांच्या फोनवर. त्यांची डभोईच्या पुढे एका गावात पिठाची चक्की. फोन गल्ल्याजवळ पडलेला, वाजला की जो जवळ असेल तो मेसेज मोठ्यानं वाचणार, मग तो भाऊ असो की दळण घेऊन आलेलं गिऱ्हाईक. आई ती दहावीत असतानाच गेली. घरात वडील आणि दोन मोठे भाऊ. घरातली मुलगी शिकायला बाहेर राहणार, यावर भावांनी आकाशपाताळ एक केलं होतं. एकट्या वडिलांनी तिला पाठवलं.

"काही वेडंवाकडं कानावर गेलं ना मासी, तर मला घेऊन जातील. घरी कळलंच नाही पाहिजे."

"मग तू करतेस तरी काय?"

"घरी करायचे तेच," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "जुनं कापड."

झालं, माझी गाडी सुटली. यात लाजायचं काय, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही, बापाला सरळ सांगायचं. बोलत सुटले. ती शांतपणे ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुम्ही सांगत होता, मासी? तुमच्या पप्पांना?"

आमचे बाबा शिक्षक, घरात पुस्तकांची कपाटं, आणि मी त्यांना दर महिन्याला डोकं दुखतंय म्हणून सांगायचे. लग्न होईपर्यंत. एवढं कॉम्प्युटर शिकले, पण ते चार शब्द भरताना मला माझी डोकेदुखी आठवली नाही. त्या पोरीनं मला एका प्रश्नात जागेवर आणलं, तेही आवाज न चढवता. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

ऑफिसात येऊन शेठना सांगितलं, नाव बदलायचं. ते म्हणाले, "मग मला कसं समजणार कुठलं मशीन?" मी म्हटलं, "आतल्या बाजूला आपल्यापुरता नंबर देते. बाहेर नुसतं कंपनीचं नाव दिसू दे." पैशांचा व्यवहार सांभाळणाऱ्या लोकांची मंजुरी लागते, तर चार दिवस फोन करकरून त्यांचं डोकं खाल्लं. आमच्या कंपनीचं नाव असं आहे की त्यावरून आम्ही लोखंड विकतो की लोणचं, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. त्या नावाखाली, मेसेजातही दिसेल असा, माझा ऑफिसचा नंबर टाकला, कुणाचे पैसे अडकले तर विचारायला. आठवड्यात मशीन अर्धं रिकामं झालं. शेठनी ऑफिसात जलेबी-फाफडा मागवला आणि म्हणाले, "बेन, तमे तो कमाल करी!" कधी नव्हे ते मीही त्यांना थँक्यू म्हटलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी दुपारी डबा खात असताना ऑफिसचा तो फोन वाजला. पलीकडे कसलीतरी मोठी घरघर चालू होती.

"बेन, तमे शुं वेचो छो?" एक पुरुष विचारत होता. तुम्ही विकता काय?

मी म्हटलं, "कोण बोलतंय?" तो म्हणाला, "थांबा." घरघर बंद झाली. चक्की! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला रागानं उत्तर देणं मला जमतं. तो सांगत होता, त्याची मुलगी बडोद्याला शिकते. दर महिन्याला आमच्या कंपनीला पैसे जातात. तिला विचारलं तर झेरॉक्सचे म्हणाली. "पण झेरॉक्सवाल्याचे वेगळे जातात, मला दिसतात ने. बेन, माझी पोर आजपर्यंत माझ्याशी खोटं बोलली नाही. शहरात काय काय मिळतं, मला माहीत नाही. तिचे भाऊ म्हणतात, घेऊन या तिला. रविवारी घ्यायला येतोय. त्याआधी म्हटलं, एकदा विचारून बघावं."

बिस्किटं म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी बिस्किटं म्हणणार, ती झेरॉक्स म्हणालेली, आणि रविवारी हा तिच्यासमोर उभा राहणार. मी लपवलेल्या नावापायीच ती पकडली गेली होती. घरी कळू द्यायचं नाही, असं तिनं मला सांगितलं होतं. मग मी सांगून टाकलं. मशीन कसलं, ती काय घेते, नाव का बदललं, सगळं.

"बस?" तो म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच, भाई."

मग एकदम हळू आवाजात, "पण बेन, मग घरी होती तेव्हा काय करत होती ती? इतकी वर्षं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी दिलं नाही. म्हटलं, "भाई, ते तिला विचारू नका."

"नाही विचारणार," तो म्हणाला. "तुम्ही पण तिला सांगू नका मी फोन केला होता."

"आणि रविवारी?"

"पोरांना मी बघतो," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. पोळी तशीच राहिली. ऑफिसात सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले आणि कुणी विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसले. रविवारचा दिवस कसा काढला, ते माझं मला ठाऊक. देवासमोर दोनदा दिवा लावला, आमचे हे नुसते बघत राहिले.

पुढच्या पंधरवड्यात मशीन भरायला माल आला, तर मी मुद्दाम स्वतःच घेऊन गेले. जिन्याखाली पोचताच आधी तिला शोधलं. ती होती. मैत्रिणींबरोबर पाण्याची बाटली भरत होती. मला पाहून धावत आली.

"मासी, एक मजा झाली! पप्पांच्या फोनवर आता माझे मेसेज जातच नाहीत. त्यांनी बंदच करून टाकले. म्हणतात, फोन सारखा भरतो, जागाच उरत नाही." आणि हसायलाच लागली. "माझ्या पप्पांना ना मासी, फोनमधलं काही म्हणता काही कळत नाही."

"हो गं," मी म्हटलं, आणि पाकिटं खणात लावायला घेतली.