स्टुलाचं माप

नव्वदच्या सुमारास चोपड्यात माझं शिवणाचं दुकान होतं. लग्नसराईत मान आणि खांदे इतके भरून यायचे की कात्री उचलवत नसे. शेवटी जळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मला ताठ बसवून खांद्यापासून पाठीपर्यंत दोन पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. गोळी एकही दिली नाही. मला रागच आला. म्हटलं, "बाई, पाठ काय फाटलीय का, ठिगळ लावायला?"

त्या हसल्या. "वाकलात की पट्टी ओढेल. ओढली की सरळ व्हा."

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो आणि पट्टी लागली कातडी ओढायला. सरळ व्हावं तर सुई दिसेना, सुई पाहावी तर पट्टी ओढे. दुपारपर्यंत पट्टीला आणि बाईंना शिव्या घालून मोकळा झालो. बायको डबा घेऊन आली आणि दारातूनच बघत राहिली.

"स्टूल उंच शे," ती म्हणाली. "बठ्ठा गावनं माप लेतस, पन सोतानं?"

खरंच, साऱ्या गावाची मापं घेताना स्वतःचं माप मी कधी घेतलंच नव्हतं. स्टूल माझ्या उस्तादांचं. ते बुटके, म्हणून त्यांनी ते उंच करून घेतलेलं. मी उंच, तरी बारा वर्षं त्यांच्या मापाच्या स्टुलावर बसून वाकत होतो.

संध्याकाळीच स्टुलाचे पाय चार बोटं कापले. पट्टी घामानं तिसऱ्या दिवशी सुटली, तरी दुखणं महिन्याभरात उतरलं.

पुढे मुलगी शिवण शिकायला बसली, तेव्हा टेप घेऊन आधी तिचं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं आणि सुताराकडे गेलो.