हरला नाहीस, वर्गणी दिलीस

नलूमावशींच्या गल्ल्यावर लॉटरी हरलेल्या माणसाचं अभिनंदन व्हायचं. मी इंग्लंडमधल्या स्लाऊला नवी होते. नव्या घराची यादी घेऊन दूध, बल्ब आणि झाडू आणायला स्टेशनजवळच्या दुकानात शिरले, तर माझ्यापुढे टेरी नावाचा धिप्पाड बिल्डर तिकीट घेऊन उभा. साडीवर कार्डिगन घातलेल्या नलूमावशींनी ते मशीनमध्ये सरकवलं आणि हसून म्हणाल्या, "नॉट लॉस्ट, टेरी. वर्गणी!"

"वर्गणी, लव्ह," म्हणत त्याने तिकीट बिनमध्ये टाकलं. 'ण' जमला नव्हता, पण भाव पक्का होता. मी इतकी खूश झाले की झाडू विसरले.

मावशी त्या दुकानात लॉटरी सुरू झाल्यापासून होत्या. मशीन शिकवायला आलेल्या माणसाला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "जिंकणाऱ्याचं कळलं. बाकीचे पैसे जातात कुठे?" काही भाग खेळांना, नाटकांना, जुन्या इमारतींना आणि लहान संस्थांना जातो, हे कळल्यावर त्यांना विषयच मिळाला. "अगं, चारशे वर्षांपूर्वी इथल्या राणीने बंदरं दुरुस्त करायला लॉटरी काढली होती! पुढे कुणीतरी ती बंद पाडली, नव्वदच्या दशकात परत आली. आपण गणपतीला वर्गणी काढतो, राणीने धक्क्याला काढली. फरक काय?"

पार्कमध्ये लॉटरीच्या पैशातून झोपाळे बसले, तेव्हा त्यांनी ते गिऱ्हाइकांत वाटून टाकले. "ही साखळी मिसेस टेलरची." स्वतः दर शनिवारी एक तिकीट घ्यायच्या आणि कधी तपासायच्या नाहीत. "वर्गणीची पावती कुणी तपासतं का?"

त्यांचे यजमान आप्पा इथल्या मराठी मंडळाचे खजिनदार आणि पेटीवादक; पुढे मी त्याच मंडळाची सेक्रेटरी झाले. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या मेडनहेड गावातल्या हॉलमध्ये भजन असायचं, आणि आप्पांच्या पेटीशिवाय ते उभंच राहायचं नाही. मग त्यांना स्ट्रोक आला. डावी बाजू गेली, व्हीलचेअर आली. कुणाच्या कारमध्ये त्यांना बसवता येईना आणि कौन्सिलची गाडी संध्याकाळी मिळेना. पेटी कपाटावर गेली. "ती खाली काढू नकोस," एवढंच ते मावशींना म्हणाले. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला दुकानात बोलावलं. "सेक्रेटरीबाई, आपण इतकी वर्षं वर्गणी देतोय. आता मागायची. मिनीबस हवी."

आप्पांच्या घरी मीटिंग झाली. आकडे आप्पांनीच घातले: जुनी व्हॅन, ड्रायव्हर फुकट, पेट्रोल ज्याचं त्याचं. व्हीलचेअर चढवायची लिफ्ट? "दोन माणसं उचलतील मला."

अर्ज पाठवला आणि लॉटरीच्या निधीकडून एका बाईंचा मला फोन आला. आवाज फार गोड होता. "तुमची कल्पना आम्हाला आवडली. पण एवढ्या पैशांत ही बस चालणारच नाही. थोडं रिअलिस्टिक मागाल का?" जास्त मागा म्हणून सांगणारं खातं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं!

आप्पा मात्र हटेनात. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, नलू."

"अहो, अंथरूणच मागायला निघालोय ना? मग आधी पाय पसरून माप नको द्यायला?"

आप्पांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग खो खो हसले. स्ट्रोकनंतर प्रथमच. "घाल लिफ्ट," ते मला म्हणाले.

आम्ही लिफ्ट घातली, इन्शुरन्स घातला, ड्रायव्हरचं ट्रेनिंग घातलं आणि अर्ज पुन्हा गेला. तेवढ्यात लंडनला ऑलिंपिक मिळालं. मंडळात टोमणे सुरू झाले, "आता सगळे पैसे पळणाऱ्यांना. बसणाऱ्यांना कोण विचारतंय?" मावशी म्हणायच्या, "वर्गणी एका मांडवाची नसते रे." पण मशीनवर त्यांची बोटं चुकायला लागली होती, ते मला दिसत होतं.

मंजुरीचं पत्र घेऊन मी दुकानात अक्षरशः धावत गेले. मावशींनी ते वाचलं, रांगेतल्या पहिल्या माणसाचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. "थँक यू, थँक यू!" त्या बिचाऱ्याला फक्त च्युइंगगम हवं होतं.

आता आप्पा नाहीत. मावशी बर्मिंगहॅमला लेकीकडे असतात आणि तिथल्या दुकानातही त्यांची 'वर्गणी' सुरू झाली आहे म्हणे. मी त्यांचं नाव काढते तेव्हा मला तो शनिवार दिसतो. ट्रेनिंग घेऊन स्टिअरिंगवर मी. मावशींच्या घरासमोर लिफ्ट घरघरत आप्पांना वर घेत होती आणि त्यांच्या मांडीवर पेटी होती.

"अहो, सावकाश!"

"मला काय सांगतेस, लिफ्टला सांग."

मावशींनी बस आधी दुकानासमोर थांबवायला लावली. सगळं गिऱ्हाईक फुटपाथवर आलं. टेरीने बसभोवती एक फेरी मारली, लिफ्टवर थाप मारली आणि विचारलं, "व्हिच बिट इज माईन, लव्ह?"

मावशींनी स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. "द हॉर्न!"

मी सरकून जागा दिली. टेरीने आपला पंजा हॉर्नवर ठेवला आणि असा दाबला की अख्खा रस्ता वळून बघायला लागला. मागून आप्पांनी हॉर्नचा सूर ओळखला, "काळी दोन!"

त्यांनी पेटी उघडली होती. उजवा हात पट्ट्यांवर होता. मावशी धावत बसमध्ये चढल्या, शेजारी बसल्या आणि भाता त्यांनी हातात घेतला.