उजव्या हातावरचे डाग

आम्ही कासार. वडील माल आणायचे आणि आई तो बायकांच्या हातांत भरायची. कोल्हापुरात मंडईच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर तिची जागा होती, आणि आठवड्यातनं एकदा एस.टी.नं गारगोटीचा बाजार. समोरच्या बाईचा हात ती आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून दाबून कणकेसारखा मऊ करायची आणि माहेरची चौकशी करता करता बांगडी मनगटात गेलेली असायची. काच कुणाकडंही मिळायची. बाया आईकडं यायच्या त्या तिच्या हातासाठी. त्या हातावर आमचं घर चालायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरीही मी पुढं जे केलं ते केलं.

आईनं चाळिशी गाठली त्या सुमाराला तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, चहाच्या थेंबाएवढा एक तपकिरी डाग उठला. रंग लागला असेल म्हणून तिनं तो चिंचेनं घासला. गेला नाही. वर्षाभरात त्याच्या शेजारी आणखी उठले. मी सतरा वर्षांची झाले तोवर उजव्या हाताची पाठ डागांनी भरली होती, डाव्यावर चार-पाचच होते, आणि उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली एक. दुखत नव्हते, खाजत नव्हते. चेहऱ्यावर काळं आलं तर वांग म्हणायचे, पांढरं आलं तर कोड. आईच्या डागांना आमच्याकडं नाव नव्हतं. नाव नसलं की लोक आपल्या मनातलं चिकटवतात, आणि त्या काळात लोकांच्या मनात एकच होतं : महारोग.

तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. आईची चहाची कपबशी मात्र मी वेगळी ठेवायला लागले होते. आईच्या ते लक्षात आलं असणारच.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. गारगोटीच्या बाजारात मी आईच्या मदतीला बसले होते. एक बाई नव्या सुनेला घेऊन आली, सुनेचा हात तिनं स्वतःच आईच्या मांडीवर ठेवला आणि मग खाली बघितलं.

"मावशी, हे हाताला काय झालंय?"

"काय न्हाय गं, वय झालं."

"वयानं केस पिकत्यात. हाताला काय हुतंय व्हय?" असं म्हणून तिनं सुनेचा हात उचलून घेतला आणि दोघी पलीकडं बसलेल्या दुसऱ्या कासारणीकडं जाऊन बसल्या. आमच्या समोरच. आई बांगड्यांची दोरी सारखी करत राहिली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो त्या बाईचा आला नाही, आईचा आला. पदराखाली हात धरून बसायला काय होतं हिला, असं मनात आलं. बांगड्या भरणारी बाई हात झाकून कशी बसेल, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

त्याच महिन्यात मला गडहिंग्लजकडचं स्थळ सांगून आलं. माणसं बघायला येणार होती. मुलगी बघायला आलेले लोक आधी तिच्या आईकडं बघतात, हे आमच्यात पोरंसोरंही सांगतील. चहाची कपबशी पुढं करणारा आईचा उजवा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं उपाय सांगितला. "बिबा टेकीव. डाग मुळासकट उचलतोय." बिबा आमच्या घरात होताच, टाचेला भेग पडली की वडील लावायचे. दाभणाला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते अंगावर उतलं तर कातडी भाजून फोड येतात, हेही सगळ्यांना माहीत होतं.

आई म्हणाली, "उतला म्हंजे गं?"

"उतला तर उतला. तुझ्या हातापायी माझं जमायचं न्हाय."

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आपला उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी एकेका डागावर तेल टेकवत गेले. कितीतरी डाग होते. ती मध्येच एकदा फक्त म्हणाली, "गालाचा ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी हात सुजला. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड आले आणि ताप चढला. वडिलांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, सरळ आईला कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. मी मागनं गेले.

डॉक्टर म्हातारे होते आणि भलतेच तिरसट. त्यांनी आईला डोळे मिटायला लावले आणि राहिलेल्या डागांवर, गालावर, डाव्या हातावर कापसाची वात टेकवत विचारलं, "समजतंय का?" दर वेळी आई म्हणाली, "व्हय." महारोगाचा डाग बधिर असतो म्हणून ते विचारत होते, हे मला मागाहून कळलं. मग त्यांनी विचारलं, "बाजारात बसता तिथं ऊन कुठल्या अंगाला येतं?"

आईनं जरा विचार केला. "उजव्या. डाव्या अंगाला भित्त हाय."

"मग झालं. पंचवीस वर्षं एकाच अंगाला ऊन खाल्लंय तुम्ही. हे उन्हाचे डाग आहेत, वयाबरोबर येतात. रोग नाही, कुणाला लागत नाहीत, औषधाची गरज नाही. छत्री घ्या, लांब बाह्यांचं पोलकं शिवा, म्हणजे नवीन कमी येतील. एखादा डाग वाढायला लागला, रंग बदलला, त्यातनं रक्त आलं, तर या. बाकी घासू नका, चोळू नका." मग फोडांकडं बोट करून म्हणाले, "आणि हा शहाणपणा कुणाचा?"

"माझाच की," आई म्हणाली.

मी दाराशी उभी होते. तोंड उघडायला तेवढी जागा होती आणि मी उघडलं नाही.

फोड वाळले. जिथं जिथं बिबा टेकवला होता तिथली कातडी पांढरी निघाली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. तपकिरी डागांबद्दल लोक निदान विचारत तरी होते. पांढरे बघून विचारायचेही बंद झाले. कोड ते कोड. आईनं छत्री घेतली, लांब बाह्या शिवल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, आणि बाया मान डोलवून बांगड्या विकत घ्यायच्या अन् म्हणायच्या, "द्या, घरी भरतो आम्ही." ज्या हातात हात द्यायला बाया रांग लावायच्या, तो आता नुसता कागदात माल गुंडाळून द्यायचा.

माझं लग्न त्याच गडहिंग्लजकडच्या स्थळाशी जमलं. बघायला आलेल्या पुरुषांपुढं आई आलीच नाही; चहा मीच नेला. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हिरवा चुडा भरायचा होता आणि सासरच्या चार बाया आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. कासाराच्या पोरीचा चुडा तिच्या आईनं भरायचा, आमच्यात तो आईचा मान. आईनं पोटमाळ्यावरनं हिरव्या बांगड्या काढल्या, एकेक वाजवून निवडल्या, आणि माझ्याकडं बघितलं. मी सासरच्या बायांकडं बघत होते. आई म्हणाली, "चुलतीला बसू दे. माझ्या हाताला कळ हाय."

हाताला कळ नव्हती. मला माहीत होतं आणि मला बरं वाटलं.

चुलत्यांच्या बायकोनं चुडा भरला. तिची सवय मोडली होती, माझा हात सोलून निघाला. आई तीन हात लांब, पदराखाली हात घेऊन बसली होती आणि "अंगठा दाब, अंगठा," एवढंच म्हणत होती.

चुडा झाला तशी होणारी सासू उठून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले, बांगड्या वाजवून बघितल्या. मी तिच्या हातांकडं बघत राहिले. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत तसलेच तपकिरी डाग, आईला होते त्याच्या दुप्पट.

मी बघतेय हे बघून ती हसली. "उन्हाचं हाय पोरी. जलम शेतात गेला." आणि मग आईकडं वळून म्हणाली, "का वो इहीणबाई, तुम्ही का न्हाय भरला पोरीला?"

आई माझ्या तोंडाकडं बघत होती.