अर्ज विचाराधीन आहे

मंडळाची कल्पना माझी नव्हती, आणि मराठी तर मुळीच नव्हती. ती एका अमेरिकन इंजिनिअरची. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी कतारमध्ये मेसईदला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. गावाला तेव्हा सगळे उम सईद म्हणत. हा इंजिनिअर आमच्या सेक्शनचा प्रमुख. सावळा, जाड मिशांचा. पहिले दोन दिवस मी त्याच्याशी हिंदीत बोललो आणि त्यानंही सभ्यपणे ऐकून घेतलं. मग कळलं, त्याचे आईवडील मेक्सिकोहून अमेरिकेत आलेले, दुसऱ्यांच्या शेतात टोमॅटो तोडणारे. अशांना तिकडे लॅटिनो म्हणतात, ही माहिती त्यानंच दिली.

दुपारी जेवणानंतर तो माझ्या टेबलापाशी चहा घ्यायचा. एकदा त्यानं कॉलेजची हकीकत सांगितली. शेकडो गोऱ्या मुलांत स्पॅनिश बोलणारे हे नऊजण. तिथल्या मुलांचे मोठमोठे संघ होते, ग्रीक अक्षरांची नावं लावणारे, पण त्यांत यांना कोण घेणार? पहिल्याच वर्षी दोघं शिक्षण सोडून घरी गेले. कुणाशी न बोलता गेले, आणि उरलेल्यांना आठवड्यानं पत्ता लागला. तेव्हा उरलेल्या सातजणांनी स्वतःचा संघ काढला. नाव त्यांनीही ग्रीकच ठेवलं, हट्टानं. नाचगाणं, मेजवान्या सगळं पुढे आलं. मुळात हेतू एकच होता. ट्रंक भरणाऱ्याच्या खोलीत ती भरून होण्याआधी आपल्यातलं कुणीतरी जाऊन बसायचं.

मला हे इतकं पटलं की त्याच शुक्रवारी मी कंपनीच्या क्वार्टर्समधल्या आठ मराठी मंडळींना चहाला बोलावून ते सांगितलं. सगळ्यांना पटलं. दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं निघतात, असं आपणच म्हणतो, पण आमचं एकच निघालं. मात्र निघताना घटनेसकट निघालं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार; नऊ माणसांत पाच पदाधिकारी. नावावर तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी अध्यक्षांनी मुद्दा काढला की मूळ संघ कॉलेजातला आहे, तेव्हा सभासद किमान आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला असावा. कुणीही हरकत घेतली नाही. मी चिटणीस. अर्जाचा नमुना मीच आखला, माझ्या सुबक अक्षरात, आणि त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना ठेवला. मला त्या नमुन्याचा अभिमानच वाटत होता.

आम्हाला कारखान्यात नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर लातूरकडचा होता. वय पस्तिशीचं. कामगारांच्या कॅम्पात त्याच्या खोलीत आणखी सातजण, त्यांतला एकही मराठी नाही. मंडळाची कुणकुण लागल्यावर एका सकाळी तो उतरता उतरता मला म्हणाला, "साहेब, मलाबी बसू द्या की वो शुक्रवारी. दिवसभर हिंदी बोलून बोलून तोंड वाकडं होऊ लालंय. बस रिकामी असली की मी सीटांसंगं बोलतो." मी हसलो आणि अर्ज भरून द्या म्हणालो. हे माझं वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्यानं दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. नाव, गाव, बायकोचं नाव, दोन मुली, सगळं ठसठशीत अक्षरात. पात्रतेच्या रकान्यात 'चौथी पास' लिहून त्याखाली कंसात 'वाचता येते' असंही लिहिलं होतं. त्या शुक्रवारी अर्ज निघाला. मी काहीच बोललो नाही. ज्या माणसानं हेतू समजावला होता, तोच गप्प बसला. नियमाला अपवाद करायचा की नियम बदलायचा यावर तासभर चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. कामकाजाच्या वहीत मी लिहिलं, 'अर्ज विचाराधीन आहे.'

शनिवारी बसमध्ये तो आरशातून माझ्याकडे पाहत होता. मी मागे जाऊन बसलो आणि उतरतानाही मागच्या दारानं उतरलो. मंगळवारपर्यंत तेच चाललं. काय सांगायचं त्याला? की पाच पदाधिकारी अजून विचार करताहेत?

बुधवारी बसवर दुसरा ड्रायव्हर होता. त्याच्याकडून कळलं, लातूरवाल्यानं सोमवारी राजीनामा दिला, देश सोडायचा एक्झिटचा शिक्काही झाला, उद्याचं विमान. दोन वर्षांच्या करारातले चौदा महिने त्याचे झालेले. मधेच सोडणाऱ्याला आमची कंपनी पुन्हा घेत नसे, हे त्याला ठाऊक होतं. गावाकडे त्याच्या घराच्या भिंती छपराची वाट पाहत उभ्या होत्या, तेही त्यानंच कधीतरी सांगितलेलं.

दुपारी इंजिनिअरची परवानगी काढून मी कॅम्पात गेलो. खोलीत तो एकटाच होता. ट्रंक भरून झाली होती. मला बघून त्यानं घाईनं खाटेवरचे कपडे सरकवले आणि बसायला सांगितलं. काही वेळ आम्ही उन्हाबद्दल बोललो. मग त्यानं विचारलं, "माझ्या अर्जाचं काय झालं वो, साहेब?"

जाणाऱ्या माणसाला निदान बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "झाला की मंजूर. शुक्रवारीच झाला."

तो ट्रंकेवर बसला.

"शुक्रवारीच? मग शनवारी मागच्या दारानं का उतरलात? मला वाटलं, नाही म्हणाले. सोमवारपतोर वाट बघितली मी."

खरं सांगावं तर अर्ज तसाच पडून असल्याचं आणि चार दिवस त्याला टाळल्याचं कबूल करावं लागणार. न सांगावं तर त्याचा समज पक्का होणार की निरोप वेळेवर न मिळाल्यामुळे नोकरी गेली. मी भित्रा निघालो. कामात होतो, विसरलो, असं काहीतरी पुटपुटलो. त्याच्या साहेबाला भेटून राजीनामा परत घेता येईल का, असंही विचारलं. त्यानं मान हलवली. खलास, म्हणाला.

दाराशी त्यानं माझा हात हातात घेतला. "असू द्या. घेतलं ना पण मला, तेवढं बास. सगळ्यांला नमस्कार सांगा माझा."

शुक्रवारी सभा सुरू होताच मी उभा राहिलो. जे घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट, आणि त्याचा नमस्कार पोचवला. मग अध्यक्षांनी अगदी सरळपणे विचारलं, "पण हा कोण? आपण पाहिलाय का याला?"

आम्ही नऊजण चौदा महिने रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या पाठीमागे बसत होतो.