मंजुळानानीची चार दिवसांची रजा

माणसाने किती सोयरे जमवावेत याला काही धरबंध असतो. आमच्या हिलालनानांना तो नाही. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावातून ते कुठेही निघाले, तरी वाटेत एखादा साडू, मावसभाऊ, निदान भाच्याचा सासरा निघतोच. आणि सोयऱ्याचं घर टाळून पुढे जाणं म्हणजे घरबसल्या भांडण विकत घेणं.

यात मजा नानांची. ओसरीवर बसायचं, चहा प्यायचा, कापसाच्या भावावर बोलायचं. मंजुळानानीची मात्र दहा मिनिटांत आत रवानगी. घरची बाई म्हणते, "बसा अक्का, पाहुण्या तुम्ही." पण खरंच बसून राहिलं तर वर्षभर नावं ठेवली जातात. नानी आजवर ज्या ज्या गावाला गेली, तिथलं तिने फक्त स्वयंपाकघर पाहिलं.

म्हणून यंदा कापूस वेचून झाल्यावर नाना खुशीत येऊन "चाल, फिराले जाऊत" म्हणाले, तेव्हा तिने अट घातली.

"जठे माले कोन्ही वळखत नही, तठे माले लई चाला. चार दिन माले चूल दखाडू नका."

त्या दिवशी दुपारी नानांनी वचन दिलं. बुऱ्हाणपूर ठरलं, कारण तिथे आपलं कोणी नाही याची त्यांनी चारचौघांत चौकशी केली. मग रस्त्याचा प्रश्न. शिरपूरला साडू, चोपड्याला मावसबहीण आणि यावलला तर साक्षात व्याही. लेक सारिका आणि जावई पुण्याला असतात, पण व्याही-विहीण यावलमध्येच. शेवटी दोघांनी तोंडाला रुमाल बांधले आणि मोटारसायकलवर दरोडेखोरांसारखे आडवाटेने निघाले.

साडूच्या गावाला वळसा घालताना नानीला हसू आवरेना. तापीच्या पुलावर तिने उगाच गाडी थांबवायला लावली आणि पोटभर पाणी पाहिलं. पुढे एका टपरीवर भजी खाल्ली आणि त्यात ओवा का नाही, हेसुद्धा विचारलं नाही. ती इतकी आनंदात होती की नाना आरशात तिलाच बघत गाडी चालवत होते.

यावलला नानांनी कमाल केली. गाव टाळायचं म्हणून केळीच्या बागांमधल्या शेतरस्त्याला लागले. व्याही गावात राहतात हे त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. पण दुपारी शेतकरी घरी नसतो, मळ्यात असतो, हे जन्मभर शेती केलेल्या माणसाला सुचू नये? पहिल्याच वळणावर हेमराजव्याही केळीचे घड ट्रॅक्टरमध्ये भरून घेत उभे. नानांची गाडीवर बसायची ढब त्यांनी रुमालासकट ओळखली. आता सुटका कसली?

घरी विहीण ताईबाईंनी तोंडभरून स्वागत केलं. आमच्या ताईबाई मनाने वाईट नाहीत, पण कोण कसं वागलं हे त्या विसरत नाहीत. त्यातून मंजुळानानी मुलीची आई. ती बसून राहिली तर बोल सारिकाला लागणार, आणि उठली तर रजा पहिल्याच दिवशी संपणार. पाणी पिऊन नानीने पेला ठेवला, पदर खोचला आणि उठली.

"तू बठ," नाना म्हणाले. मग विहिणीकडे वळले. "विहीणबाई, तिले वचन देयेल शे. आज चुलापुढे मी."

हेमराजव्याह्यांचा चहा बशीतच राहिला. भरीत करणं ही तशी आमच्याकडच्या पुरुषांची कला, पण ती मळ्यावर, चार मित्रांत. बायको बाजेवर बसलेली असताना विहिणीच्या दारात नव्हे. नानांनी अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचली. तिथवर झकास. मग भाकरी थापायला बसले. एक भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. ताईबाई दोनदा उठू लागल्या, दोनदा नानीने त्यांचा हात धरून बसवलं. दोघी बाजेवर शेजारी बसून जेवल्या, आणि ताईबाईंनी करपलेला तुकडासुद्धा मागून घेतला.

सकाळी निघताना त्यांनी नानीला दाराआड ओढलं.

"विहीणबाई, नेमकं काय बोलल्या हो तुम्ही त्यांना? शब्द सांगा."

नानी म्हणाली, "शब्द साधाच शेतस. सकायले सांगं, आन चूल पेटाडी नही. दुपारपावत त्यासले बराबर ऐकू उनं."

बुऱ्हाणपूरला दोघं लॉजवर उतरली. किल्ला पाहिला, बाजारात उगाच हिंडली, उभ्याने मावा जिलेबी खाल्ली. तिला कोणी वहिनी म्हणेना, अक्का म्हणेना. नानीला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी चहा पीत बसली होती, तेव्हा हेमराजव्याह्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"व्याही, भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं? हिने आज चूलच पेटवली नाही. अंगणात बसलीय."

नानांना काय ठाऊक? ते म्हणाले, "असं करा, अंगणात जाऊन विहीणबाईंनाच इचारा."

नानीने फोन हिसकावून घेतला. "त्यांना नका विचारू. बसू द्या त्यांना," ती म्हणाली. "परात घ्या समोर. मी सांगते."